टेस्ट फेल झाली की ग्रुपवर कळवा!

रात्री चाललेल्या ऑटोमेटेड टेस्टचा निकाल सकाळी टीमच्या चॅटवर आलेला असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. तो कसा पाठवायचा याबद्दलच्या समजुती मात्र भलत्याच.

सगळ्यात चिवट गैरसमज असा: ब्राउझर चालवणारं सेलेनियम हाताशी आहेच, तर त्यानंच व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ग्रुप शोधावा आणि मेसेज टाइप करावा. लॉगिन गेलं किंवा पानावरचं एखादं बटण हललं, की हा उद्योग बंद. मुळात ब्राउझर लागतच नाही. स्लॅकच्या चॅनलसाठी ‘इनकमिंग वेबहुक’ तयार केला की एक यूआरएल मिळते. तिच्यावर ‘टेक्स्ट’ या एकाच फील्डचं जेसन पोस्ट केलं की झालं. टेलिग्रामवर बॉटफादरकडून बॉट बनवून टोकन घ्यायचं. पण हा बॉट आपणहून कुणाशी बोलत नाही. आधी समोरच्याला ‘स्टार्ट’ दाबावं लागतं किंवा बॉटला ग्रुपमध्ये घ्यावं लागतं.

वेबहुकची यूआरएल नुसता पत्ता समजून लोक खुशाल कोडमध्ये चिकटवतात. ती ज्याच्या हाती लागेल तो चॅनलवर वाटेल ते लिहू शकतो, पासवर्ड कुणी विचारत नाही. टेस्ट चालवणारं जेन्किन्स काय, गिटहब काय, सीक्रेट ठेवायची सोय दोन्हीकडे आहे.

मेसेज प्रत्येक टेस्टमधूनच पाठवावा, असंही अनेकांना वाटतं. एका दमात दोनशे टेस्ट फेल झाल्या तर? स्लॅकचा वेबहुक साधारण सेकंदाला एक मेसेज घेतो, पुढच्यांना 429 हा एरर मिळतो. टेलिग्राम ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला 20 ची मर्यादा. त्यातून मेसेज पाठवताना नेट अडखळलं, तर धडधाकट टेस्ट उगाच लाल. त्यापेक्षा सगळं संपल्यावर एकच गोषवारा पाठवावा. पायटेस्टमध्ये त्यासाठी ‘सेशन फिनिश’ हूक आहे. फक्त एक्सडिस्ट या प्लगइननं 4 वर्करवर टेस्ट चालवल्या तर तो प्रत्येक वर्करमध्येही चालतो आणि एकाऐवजी पाच मेसेज येतात! मुख्य प्रोसेस ओळखूनच पाठवायचं.

आणि ‘मेसेज नाही म्हणजे सगळं हिरवं’? गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये एक स्टेप फेल झाली की पुढच्या स्टेप आपोआप वगळल्या जातात, त्यात मेसेजची स्टेपही आली. म्हणजे सगळं पास झालं तरच बातमी येणार, नेमकी उलटी तऱ्हा. त्या स्टेपला ‘ऑल्वेज’ची अट लावावी लागते. जेन्किन्सच्या ‘पोस्ट’ भागात ‘फेल्युअर’बरोबर ‘फिक्स्ड’ही मिळतो: बिघडलेलं बिल्ड सुधारलं, तेव्हाच कळवणारा.