जुन्या मोटारीच्या रेडिएटरातील पाणी

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलाच्या उष्णतेपैकी सुमारे चौथा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेतील बराच भाग धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तितकाच इंजिनाच्या लोखंडात मुरतो. ही मुरलेली उष्णता वेळच्या वेळी बाहेर काढली नाही तर तेल पातळ होते, पिस्टन अडकतात, हेड वाकते आणि हेडची गॅस्केट जळते. ती बाहेर काढण्याची सारी जबाबदारी रेडिएटरात फिरणाऱ्या द्रवावर असते. परंतु गाडीत सर्वांत कमी लक्ष ज्याच्याकडे दिले जाते, तोही हाच द्रव होय.

अँबॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तरीही बेळगावात, इंदुरात, बडोद्यात किंवा गोव्यातील एखाद्या जुन्या घराच्या पडवीत अशी गाडी निगुतीने जपलेली आढळते. तिच्या मालकाची समजूत बहुधा अशी असते की, कूलंट हा थंड मुलखातील लोकांचा थाट आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा नळाचे पाणी पुरे. समजुतीचा पहिला भाग खरा आहे. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीतही रेडिएटर गोठण्याची भीती सहसा नसते. दुसरा भाग मात्र गाडीच्या जिवावर बेततो.

नळाच्या, आणि विशेषतः बोअरिंगच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ज्या दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही, तेच पाणी इंजिनात तापले म्हणजे चहाच्या किटलीप्रमाणे आतून पांढरे पोपडे धरते. पोपड्यातून उष्णता सहज जात नाही, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या त्याने हळूहळू बुजतात. शिवाय साध्या पाण्याने लोखंड गंजते. अँबॅसडरच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाची. फियाटच्या इंजिनात ब्लॉक बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचे. रेडिएटर तांब्या-पितळेचा व शिशाच्या डाखाने जोडलेला. एकाच पाण्यात इतक्या जातींचे धातू बुडविले म्हणजे विद्युत्घटाप्रमाणे क्रिया सुरू होते आणि त्यांतील दुबळा धातू झिजत जातो.

कूलंट म्हणून जो द्रव विकला जातो, त्यात मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी काही रसायने असतात. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते व सुमारे १०७ अंशांवर उकळते. या उकळबिंदूचा उपयोग आपल्या घाटांत होतो. त्यात रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंगही मदत करते. दर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला की उकळबिंदू अदमासे दीड अंशाने वर सरकतो. चोर्ला घाट चढताना वाफ सोडणाऱ्या कित्येक गाड्यांचा रोग इंजिनात नसून त्या झाकणाच्या थकलेल्या रबरात असतो. निम्मे मिश्रण चांगले तर निव्वळ कूलंट अधिक चांगले, हा हिशेब मात्र चुकीचा आहे. ग्लायकॉल पाण्याहून कमी उष्णता वाहून नेते, आणि निव्वळ ग्लायकॉल तर उणे १३ अंशांवरच गोठते.

आता निवडीविषयी. हिरवा, लाल, निळा, गुलाबी असे नाना रंग दुकानात दिसतात. रंगावरून जात ओळखू नये. प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीने रंग घालतो. डब्यावरील मजकूर वाचावा. सिलिकेटयुक्त जुन्या पद्धतीचे कूलंट दोन वर्षांनी बदलावे लागते, पण तांब्या-पितळेच्या डाखी रेडिएटरला ते मानवते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेले नवे कूलंट पाच वर्षे टिकते आणि नव्या गाड्यांना उत्तम. परंतु त्यातील काही प्रकार जुन्या डाखाला व जुन्या रबरी सीलना बाधतात. तेव्हा जुन्या गाडीत जुन्या जातीचेच बरे. दोन जाती एकत्र केल्यास गंजरोधक गुण घटतो व कधी कधी गाळ धरतो. पाणी मिसळून तयार मिळणाऱ्या कूलंटात पुन्हा पाणी घालू नये.

बदलण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच हाती घ्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडून तोंड-हात भाजून घेतलेले लोक गॅरेजात काही कमी भेटत नाहीत. गाडीत हीटर असल्यास त्याची झडप उघडी ठेवून प्रथम रेडिएटरची तोटी, मग ब्लॉकचा निचऱ्याचा स्क्रू उघडावा. ब्लॉकचा स्क्रू बहुतेक मिस्त्री विसरतात, आणि गाळ तर तिथेच साठलेला असतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे; तापलेल्या बिडावर गार पाणी कदापि ओतू नये, ब्लॉक तडकतो. होज बोटांनी दाबून पाहाव्यात. कडक झालेली वा फुगलेली होज बदलावी. पाणी गळते म्हणून पूर्वी हळद टाकलेली असेल तर तीही याच वेळी धुऊन काढावी. हळदीने वाटेत गाडी घरी येते खरी, पण बारीक नळ्याही तीच बुजवते.

धुतल्यावरही ब्लॉकमध्ये थोडे पाणी राहतेच. म्हणून एकूण मापाच्या निम्मे निव्वळ कूलंट आधी ओतावे आणि उरलेली जागा बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने, भरावी. सावकाश ओतावे, झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवावे. थर्मोस्टॅट उघडला की अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते व पातळी खाली जाते, तेवढी भर घालावी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची जी रीत पडली आहे, ती घातक आहे. त्याने इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त खाते व सिलिंडर लवकर झिजतात.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्रीमांजरे ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांच्या बाबतीतही धोका तोच. ते घट्ट बुचाच्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून, वापरलेले तेल घेणाऱ्या गॅरेजात द्यावे. शीतपेयाच्या बाटलीत तर ते घटकाभरही ठेवू नये.