घरच्या घरी फ्लॅश : आपल्या मालाचा खरा फोटो



आज आम्ही तुमच्याशी फोटोबद्दल बोलणार आहोत. लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या नाही, तर आपण विकतो त्या मालाच्या फोटोबद्दल. गोधडी, पापड, लोणचं, मसाला. हल्ली गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो बघतं आणि तिथूनच ऑर्डर देतं. म्हणजे आपल्या वतीनं बोलतो तो फोटो. तो चुकीचं बोलला, तर भरपाई आपल्याला करावी लागते.

आम्हाला ती करावी लागली. मागच्या दिवाळीच्या आधी शहरातल्या एका ताईंनी फोटो बघून सहा गोधड्या मागवल्या. त्यांतल्या दोन परत आल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं : "फोटोत लाल दिसत होती, हातात आली ती राणी रंगाची." ताईंचं काही चुकलं नव्हतं. आम्ही संध्याकाळी, घरातल्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला होता. पिवळ्या उजेडात राणी रंग लाल दिसतो. ज्या मावशींनी महिनाभर डोळे ताणून धावदोरा घातला होता, त्यांचे पैसे अडकले आणि येण्याजाण्याचं कुरिअरही गटाच्या अंगावर पडलं. त्या महिन्याच्या बैठकीत यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं, की फोटो नीट काढायला शिकायचं.

गावातल्या एका फोटोग्राफर दादांनी धंदा बदलला होता. त्यांच्याकडून एक जुना डिजिटल कॅमेरा आणि एक स्टुडिओ फ्लॅश गटानं विकत घेतला. फ्लॅशसोबत एक स्टँड, एक पांढरी छत्री आणि एक ट्रिगर मिळाला. चार महिने चुका करत आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

फ्लॅश म्हणजे नेमकं काय?

हा नेहमीच्या दिव्यासारखा सतत जळत नाही. बारीक धारेच्या नळाखाली आपण हंडा भरत ठेवतो आणि भरला की एकदम उपडा करतो, तसं याचं काम आहे. आतमध्ये वीज हळूहळू साठते आणि बटण दाबलं की सगळी एका क्षणात प्रकाश होऊन बाहेर पडते. हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तेवढ्या वेळापुरता तो घरातल्या सगळ्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतो. मग पुन्हा हंडा भरायला दोन-चार सेकंद लागतात. तयार झाला की तो आवाज करतो किंवा त्याचा लहान दिवा लागतो. त्याच्या आधी घाईनं फोटो काढला, तर फोटो काळपट येतो.

ट्रिगरचे दोन भाग असतात. एक कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसतो, दुसरा फ्लॅशला जोडतात. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की पहिला दुसऱ्याला इशारा देतो. मोबाइलला अशी खाच नसते, म्हणून हा फ्लॅश सहसा मोबाइलशी जुळत नाही. मोबाइलनंच काढायचं असेल, तर सतत जळणारा एलईडी दिवा किंवा दाराजवळचा सावलीतला उजेड चांगला.

कॅमेऱ्यात चार गोष्टी ठरवायच्या

कॅमेऱ्याची चकती 'एम'वर ठेवा. एम म्हणजे सगळं आपल्या हातानं.

पहिली गोष्ट, आयएसओ १००. दुसरी, शटर १/१२५ सेकंद. तिसरी, ॲपर्चर ८. चौथी, व्हाइट बॅलन्समध्ये विजेच्या बाणाची खूण निवडा, ती फ्लॅशची. आयएसओ 'ऑटो'वर असेल, तर तो आधी बंद करा.

आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. आम्हाला पहिल्यांदा वाटलं कॅमेरा बिघडला. पण काळा फोटो म्हणजे घरातला बल्ब, ट्यूब, कशाचाच उजेड फोटोत येत नाहीये. आता जो उजेड येईल तो फक्त फ्लॅशचा. राणी रंगाला लाल करणारा पिवळा बल्ब असा फोटोबाहेर जातो. म्हणून फोकस करताना दिसावं यासाठी ट्यूब चालू ठेवली तरी चालते.

मग फ्लॅश चालू करून फोटो काढा. फार पांढरा आला, तर फ्लॅशची ताकद कमी करा किंवा ॲपर्चर ८ वरून ११ करा. काळपट आला, तर उलट करा. शटर बदलून फ्लॅशचा उजेड कमीजास्त होत नाही, कारण फ्लॅश शटरपेक्षा खूप आधी संपलेला असतो. शटर फार वेगवान मात्र करू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं, की फोटोत एका बाजूला काळा पट्टा येतो. आमचे एका दिवसाचे सगळे फोटो असे वाया गेले होते.

छत्री कशाला आणि अंतर किती?

दुपारी बाराच्या उन्हात सावली काळी आणि धारदार पडते. आभाळ आलं की तीच सावली मऊ होते, कारण उजेड एका ठिपक्यातून न येता सगळ्या आभाळातून येतो. पांढरी छत्री आपल्यासाठी आभाळाचं काम करते. फ्लॅश छत्रीतून आरपार मारायचा. छत्री वस्तूच्या जितकी जवळ, तितकी सावली मऊ.

अंतराचा एक हिशेब लक्षात ठेवा. दोन फुटांवरचा फ्लॅश चार फुटांवर नेला, तर उजेड अर्धा होत नाही, पाव होतो. म्हणून लहान बरणीला छत्री दोन-तीन फुटांवर चालते, पण मोठ्या गोधडीला नाही. गोधडीची जवळची बाजू पांढरी पडते आणि लांबची काळी. अशा वेळी फ्लॅश सात-आठ फूट मागे घ्यायचा आणि ताकद वाढवायची. म्हणजे दोन्ही बाजूंना बराचसा सारखा उजेड मिळतो.

समोरच्या बाजूची सावली फार गडद वाटली, तर तिथे थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा. तो उजेड परत फेकतो. आपल्या घरांच्या भिंती निळ्या, हिरव्या असतात. त्यांच्यावरून परतलेला उजेड तोच रंग घेऊन येतो. म्हणून वस्तूजवळच्या भिंतीवर पांढरी चादर टांगा.

गोधडी, पापड, लोणचं : तिघांची तीन रीत

गोधडीचे दोन फोटो काढा. एक संपूर्ण गोधडीचा, फ्लॅश लांबून आणि थोडा तिरका. दुसरा टाक्यांचा. त्यासाठी छत्री काढा आणि फ्लॅश बाजूनं, अगदी खालून, कापडाला घासून जाईल असा मारा. प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि हातशिलाई ओळखू येते. मशीनची गोधडी आणि आपली गोधडी यातला फरक गिऱ्हाइकाला इथे दिसतो.

पापडाला समोरून उजेड मारला, तर तो पुठ्ठ्यासारखा दिसतो. फ्लॅश पापडाच्या मागे, थोडा बाजूला ठेवा. उजेड पापडातून आरपार येतो आणि आतले जिरे-मिरे दिसतात. फ्लॅश थेट कॅमेऱ्याच्या भिंगात मात्र येऊ देऊ नका.

लोणच्याच्या बरणीवर पांढरा चकाकता डाग येतो. तिथे कॅरमचा खेळ आठवा. सोंगटी ज्या कोनात कडेला आपटते, त्याच कोनात परतते. उजेडाचंही तसंच. फ्लॅश कॅमेऱ्याच्या बाजूला असेल, तर चकाकी सरळ कॅमेऱ्यात परतते. फ्लॅश बराच बाजूला सरकवा, डाग कडेला जातो. लेबल सरळ आणि वाचता येईल असं ठेवा. त्यावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक फोटोत वाचता आला, तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

फोटो सुंदर की खरा?

फोटो काढून झाला की कॅमेऱ्याचा फोटो आणि वस्तू दोन्ही घेऊन दिवसा ओसरीवर या आणि शेजारी धरून बघा. रंग जुळला नाही, तर फोटो पाठवू नका. कॅमेऱ्याचा पडदा थोडा फसवतो, म्हणून आम्ही गोधडीखाली रंग शब्दांतही लिहितो : राणी, शेंदरी, मोरपंखी.

आमच्या गटात एकदा सूचना आली, की मोबाइलवर मिरची पूड थोडी आणखी लाल करू, लोकांना आवडते. बैठकीत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. मग एका आक्कांनी विचारलं, "पुडी फोडल्यावर ती बाई काय म्हणेल?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम आहे : फोटोत रंग वाढवायचा नाही. गोधडीला जोड असेल किंवा कुठे टाका सैल असेल, तर तोही दाखवायचा.

जपायच्या गोष्टी

फ्लॅशमध्ये वीज साठते, म्हणून बंद केल्यावरही तो कधीच उघडायचा नाही. आत जोराचा झटका बसू शकतो. दुरुस्ती जाणकारानंच करावी. तीन पिनची, अर्थिंग असलेलीच प्लग-जागा वापरा. ओल्या हातानं हात लावू नका. काम संपल्यावर आधी बटण बंद करा, मगच वायर काढा.

पंखा बंद ठेवा, कारण छत्री वारा धरते आणि स्टँड आडवा होतो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा. फ्लॅशच्या मधोमध बघण्यासाठी जळणारा दिवा असतो, तो तापतो. कापड त्याला टेकू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांसमोर जवळून फ्लॅश मारू नका. आणि जुना फ्लॅश थेट वायरनं कॅमेऱ्याला जोडू नका. काही जुन्या फ्लॅशमधला दाब कॅमेरा जाळू शकतो. बिनतारी ट्रिगर वापरला की ती भीती राहत नाही.

मैत्रिणींनो, प्रत्येक गटानं हे सामान घ्यावं असं आमचं म्हणणं नाही. ग्रामसंघात एक संच असला, तर सगळ्या गटांना पुरतो. कोणी कधी नेला, कोणी परत आणला, याची वही मात्र ठेवा आणि दोघी-तिघींना तरी शिकवा. एकीलाच येत असेल, तर ती माहेरी गेली की काम थांबतं.

त्या परत आलेल्या दोन गोधड्यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आम्ही त्यांचे नवे फोटो काढले, खाली लिहिलं : राणी रंग. एक विकली गेली. दुसरी मावशींनी स्वतःच पैसे भरून लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवून घेतली. त्यानंतर आमच्याकडून पन्नासच्या वर वस्तू गेल्या आहेत आणि रंग वेगळा निघाला म्हणून अजून एकही परत आलेली नाही.

तुमच्या गटाचे फोटो काढताना काही अडलं, तर केंद्रावर निरोप ठेवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.