हिरड्यांतील हुमणी आणि रक्तातील साखर



साखर कारखान्याच्या पत्रिकेत मधुमेहाचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. पण ज्याला आपल्याच फडातले कांडे मोडून खाता येत नाही, त्याला एकरी टनेजचा आनंद तो किती? म्हणून या अंकात लागण-खोडवा बाजूला ठेवून थोडे दातांकडे वळतो.

गेल्या हंगामात पक्वता पाहणीसाठी आम्ही एका जुन्या सभासदांच्या फडावर गेलो होतो. ब्रिक्स चांगला लागला. आम्ही सहज म्हटले, "दादा, एक कांडं खाऊन तरी बघा." ते हसून म्हणाले, "साहेब, दात हलत्यात. आता नातवंडांनी खायचा, आम्ही बघायचा." वय अवघे पंचावन्न. हिरड्यांतून वर्षभर रक्त येत होते, पण दुखत नव्हते म्हणून मनावर घेतले नाही. आम्ही आग्रहाने दंतवैद्यांकडे पाठविले. त्यांनी हिरड्या पाहून आधी रक्तातील साखर तपासायला सांगितले. साखर बरीच वाढलेली निघाली. मधुमेह असल्याचे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

हुमणी आपल्या परिचयाची आहे. वरून ऊस हिरवागार, खाली मुळे खाल्लेली. ओढला की बेट हातात येते. हिरड्यांचा रोग असाच. दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो, त्याचे घट्ट कीटण होते. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मग दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. दुखणे फारसे नसते. दात हलू लागतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

मधुमेहात हे काम झपाट्याने होते. साखर वाढलेली राहिली की रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढू शकत नाहीत, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम लवकर भरत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात पिमा आदिवासींची अनेक वर्षे पाहणी झाली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधुमेहींत हा रोग नव्याने होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट होते. १९९३ साली डॉ. हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. डोळे, मूत्रपिंडे, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा हे आधीचे पाच.

आता उलटी बाजू. हिरड्यांतील सुजेचे पदार्थ रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. म्हणजे साखर हिरड्या बिघडविते, आणि हिरड्या साखर.

यावर इलाज आहे. एका दिवसाच्या उताऱ्यावरून हंगाम कळत नाही, सरासरी उतारा पाहावा लागतो. तशीच एचबीए१सी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास हा आकडा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे ८.० असेल तर ७.६. हे मधुमेहाच्या औषधाला पर्याय नव्हे, जोड आहे.

तरी आपण एवढे करावे :

१) हिरड्यांतून रक्त, सूज, तोंडाला वास किंवा दात हलणे दिसल्यास दंतवैद्यांना दाखवावे आणि साखरही तपासावी.

२) मधुमेह असल्यास वर्षातून किमान एकदा हिरड्या तपासून घ्याव्यात. आपली औषधे दंतवैद्यांना सांगावीत. गोळी घेऊन उपाशीपोटी जाऊ नये.

३) सकाळी व रात्री झोपताना मऊ ब्रशने दात घासावेत. मिश्री व तंबाखू सोडावी; तिने हिरड्या बिघडतातच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका.

४) कीटण काढल्याने दात ढिले होतात हा गैरसमज आहे. ढिलेपणा आधीचाच असतो, कीटणाने झाकलेला.

त्या सभासदांचे तीन दात काढावे लागले, बाकीचे वाचले. औषधपाणी चालू आहे, साखरही उतरली आहे. त्यांच्यामागोमाग आम्हीही तपासून घेतले. साखर ठीक निघाली, पण ब्रशला लागणारे रक्त आम्हीच दोन वर्षे नजरेआड केले होते!

"बघू गळीत संपल्यावर" असे म्हणू नका. हुमणी हंगाम संपायची वाट पाहत नाही.

— ऊस विकास अधिकारी