बिनकुलुपाच्या गावातली हार्ड डिस्क

संपादकांनी शनिशिंगणापूरला पाठवलं ते कुलूप नसलेल्या बँकेसाठी. नेवासे तालुक्यातल्या या गावात घरांना दारं लावायची रीत नाही. युको बँकेने जानेवारी 2011 मध्ये इथे शाखा काढली, तेव्हा गावाचा मान राखून कुलूप टाळलं. काचेचं दार आणि सहसा नजरेत न येणारी विद्युतचुंबकीय कडी यावर भागवलं. 2015 मध्ये पोलीस ठाणंही आलं. हे सगळं अनेकांचं लिहून झालंय. माझं मन अडकलं ते या पट्ट्यातल्या टेबलाटेबलांवरच्या संगणकांत.

सोनईचा मुळा साखर कारखाना इथून जवळच. भोवती पतसंस्था, विकास सोसायट्या, सेतू केंद्रं. शेतकऱ्याची उसाची नोंद, सात-बारा, आधार, बँक खातं, जामीनदाराची सही हे सगळं आता संगणकात असतं. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना 2022 मध्ये मंजूर झाली, तीच 63,000 संस्थांसाठी. म्हणजे संगणक वाढणार आणि काही वर्षांनी तेवढेच भंगारात निघणार. तेव्हा आतल्या माहितीचं काय?

यासाठी एक बंद पडलेली हार्ड डिस्क खोलून बघितली. चांदणीच्या खाचेचे बारीक स्क्रू, त्यातला एक लेबलाखाली दडलेला. झाकण निघालं की आत तोंड दिसेल इतकी लखलखीत तबकडी. तिच्यावर टेकलेला नाजूक दांडा, आणि त्या दांड्याच्या मुळाशी बोट चिमटेल एवढ्या ताकदीचं चुंबक. सगळी माहिती त्या तबकडीवरच्या चुंबकीय खुणांत. फाईल डिलीट केली की फक्त यादीतली तिची नोंद जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. क्विक फॉर्मॅटनेही तेच होतं. यंत्र बंद पडलं तरी तबकडी शाबूत असू शकते. म्हणूनच ‘बिघडलाय, द्या टाकून’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं.

चालू डिस्क असेल तर तिच्यावर पूर्ण नव्याने लिहून जुनं पुसता येतं. बंद असेल तर डिगॉसर नावाचं यंत्र जबर चुंबकीय क्षेत्रातून ती काढतं. त्यात डिस्कच्या स्वतःच्या दिशाखुणाही जातात आणि ती पुन्हा कधीच चालत नाही. एसएसडीपुढे मात्र हे यंत्र हतबल आहे, कारण तिथे माहिती चुंबकात नसून चिपमध्ये असते. ती पुसायला त्या ड्राइव्हचीच खास आज्ञा लागते, नाहीतर चिपचा चुरा करावा लागतो. आणि झेरॉक्स? कार्यालयांतल्या मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही हार्ड डिस्क असते. अमेरिकेतल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅनने भाड्याची अशी यंत्रं न पुसता परत केली; सुमारे 3,44,000 लोकांची माहिती उघड झाल्याचा प्रश्न उभा राहिला आणि 2013 मध्ये 12 लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली.

कागदावर आपले कायदे कमी नाहीत. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. पण त्यांतली मोठ्या ग्राहकांची जबाबदारी वर्षात किमान हजार उपकरणं वापरणाऱ्यांवर. गावची पतसंस्था त्यात कुठून येणार? वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात हजाराची अट नाही. काम संपल्यावर माहिती पुसायची, तोवर ती सुरक्षित ठेवायची; हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनांसाठी 18 महिन्यांची मुदत आहे.

व्यवहारात मात्र निर्लेखनाचा ठराव होतो, भंगारवाला वजन करतो, पावती फाटते. त्या पावतीत किलो असतात, डिस्कचा क्रमांक नसतो. शिंगणापुरात चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या घरं राखत आली. पण इथे चोराला वेशीच्या आत यावंच लागत नाही. माहिती आपणच टेम्पोत घालून पाठवतो. शिवाय नक्कल झाल्यावर घरातलं काहीच कमी होत नाही, त्यामुळे फिर्याद करायचंही कुणाला सुचत नाही.

म्हणून पतसंस्थांच्या सचिवांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना, सेतू चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: संगणक काट्यावर चढवण्याआधी डिस्क काढून घ्या, तिचा क्रमांक डेड स्टॉक रजिस्टरला लिहा, ती डोळ्यांसमोर नष्ट करून घ्या, आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच द्या.