पेन्शन आधी घेतली, तर काम करता येतं का?



मागच्या महिन्यात अजिंठ्यातल्या एका गटाची बैठक संपत आली होती. बचत जमा झाली, वही बंद झाली, तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "मॅडम, मी वाळूजला कंपनीत १४ वर्षं काढली. पीएफ कटायचा. आता वय ५२, घरी शिवणकाम करते. पेन्शन सुरू केली तर मशीन बंद करावी लागेल का?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. माहिती काढली, ती सगळ्यांसाठी लिहिते.

पीएफसोबत मालकाच्या हिश्श्यातून पेन्शनचेही पैसे जमा होतात. ही ईपीएस-९५ योजना. एकूण १० वर्षं नोकरी भरली, तर ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. कंपन्या दोन-तीन असल्या तरी वर्षं एकत्र धरता येतात.

लवकर हवी असेल तर ५० नंतर मागता येते. पण अट आहे: पीएफ कटणारी नोकरी सोडलेली पाहिजे. शिवणकाम, शेती, शेळ्या, गटाचा पापड उद्योग याला आडकाठी नाही. ताईंची मशीन चालूच राहील! ५८ पूर्ण झाल्यावर मात्र कंपनीत कामावर असतानाही पेन्शन घेता येते.

लवकर घेतली तर कमी किती?

५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात, तीही कायमची. ५८ झाल्यावर रक्कम वाढत नाही.

समजा शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार १०,५०० आणि नोकरी १४ वर्षं. पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. म्हणजे ५८ व्या वर्षी महिना २,१०० रुपये. ५२ ला घेतली तर यातला पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग जातो, १,६८० पेक्षाही कमी हातात येतात. पण सहा वर्षं आधीपासून येतात. हिशोब बरोबरीत यायला ५८ नंतर साधारण २० वर्षं लागतात.

म्हणून लवकर घेणं म्हणजे चूकच, असं नाही. घरात आजारपण आहे, दुसरी कमाई नाही, तर जरूर घ्या. शिवणकामावर घर चालतंय, तर थांबा. म्हातारपणी हात थकतील तेव्हा पूर्ण रक्कम उपयोगी पडेल.

हे लक्षात ठेवा

- १० वर्षं भरली नसतील तर पेन्शनचे पैसे काढायची घाई नको. काढले की ती वर्षं गेली. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढच्या नोकरीत वर्षं जोडली जातात.
- पेन्शनसाठी फॉर्म १०-डी भरतात. त्याआधी आधार, बँक पासबुक आणि पीएफ खात्यावरचं नाव व जन्मतारीख जुळतंय का ते बघा.
- कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा नको. ओटीपी कुणालाच सांगू नका.

ज्यांचा कधीही पीएफ कटला असेल, त्यांनी जुनी पगाराची स्लिप किंवा यूएएन नंबर शोधून पुढच्या बैठकीला आणा. आपण मिळून वर्षं मोजू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक