संगणकावर पत्त्यांचा डाव लागत नाही, तेव्हा चूक कुणाची?

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गावातली मंडळी मात्र पावसाचा जोर बघून घरातच थांबतात. चौघं जमली तर मेंढीकोट किंवा बदाम सात रंगतो. एकटंच असलं, की घरचा संगणक उघडून सॉलिटेअर लावायचा. त्याला इंटरनेटही लागत नाही. पण पाच-सहा डाव सलग अडले, की शंका येते: संगणक मुद्दाम वाईट पत्ते देतो का?

हा खेळ संगणकात आला कसा?

मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर दिला. तो वेस चेरी या तिथल्या प्रशिक्षणार्थीने लिहिला होता आणि पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांनी काढली. चेरी यांना त्यासाठी मानधन मिळालं नाही. त्या काळी अनेकांना माऊस नवा होता. पत्ता पकडून ओढायचा आणि दुसऱ्या जागी सोडायचा, या खेळामुळे लोकांचा हात आपोआप बसला.

संगणक लबाडी करतो का?

साध्या सॉलिटेअरमध्ये नाही. संगणक पत्ते पिसतो आणि जसे येतील तसे वाटतो. सात ढिगांत २८ पत्ते लागतात, त्यातले २१ पालथे. उरलेले २४ हातात राहतात. पालथे पत्ते आधीच दिसले असते, तर साधारण ८२ टक्के डाव सुटू शकतात, असं संगणकाच्या मदतीने केलेल्या अभ्यासातून दिसतं. याचा अर्थ, पाचातला जवळपास एक डाव कितीही हुशारीने खेळलात तरी सुटणारच नाही. शिवाय पालथं काय आहे हे आपल्याला दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आपण त्याहून बरेच जास्त डाव हरतो.

मग फ्रीसेल वेगळा का?

फ्रीसेलमध्ये सगळे ५२ पत्ते पहिल्यापासून उघडे असतात आणि चार जागा रिकाम्या मिळतात. इथे नशिबापेक्षा विचार जास्त लागतो. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. त्यातला फक्त एक, ११९८२ क्रमांकाचा, सुटत नाही. तेव्हा फ्रीसेल अडला, तर चूक बहुतेक वेळा आपलीच! क्रमांक तोच असला की पत्तेही तेच येतात. त्यामुळे भुशीतला भाऊ आणि साताऱ्यातली बहीण एकच डाव आपापल्या घरी खेळून ताडून पाहू शकतात.

आता कुठून घ्यायचा?

नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचाच सॉलिटेअर संच मिळतो, पण मधूनमधून जाहिराती येतात आणि त्या नको असतील तर पैसे मोजावे लागतात. जाहिराती नको असतील तर पायसोल एफसी हा मोफत पर्याय आहे. लिनक्सवर आइलरायट आहे. कुठलाही खेळ त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या 'फुकट डाउनलोड' पानांवरून खेळासोबत नको ती सॉफ्टवेअरही संगणकात शिरू शकतात.

खेळ सुरू करताना कुणी पैसे लावायला सांगत असेल, तर तिथेच थांबा. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे आणि पैशांची रमीही त्यातच येते.

आपले पत्ते आहेत का त्यात?

आहेत! पायसोलमध्ये दशावतारी गंजिफ्याचे खेळही आहेत. सावंतवाडीत आजही हाताने रंगवले जाणारे हे गोल पत्ते दहा अवतारांचे असतात. प्रत्येक अवताराचे बारा, असे एकूण १२०. बाहेर पाऊस थांबायची चिन्हं नसतील, तर बदाम-इस्पिक बाजूला ठेवून एक डाव मत्स्य-कूर्माचा लावून बघा.