मोटारसायकलची वांकलेली झडप

एके काळीं शेतकऱ्याची ऐपत त्याच्या गोठ्यांतील बैलजोडीवरून जोखली जात असे. आज कशेळीसारख्या गांवांत, जेथें भाताच्या खाचरांना लागून गोदामांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, तेथें गोठा रिकामा दिसेल. परंतु पडवींत मोटारसायकल नाहीं असें घर विरळाच. बियाण्याची पिशवी, खताचें पोतें, भाजीची पाटी, आजारी माणूस, शाळेंत जाणारें मूल, या सर्वांचा भार हें एकच जनावर वाहतें. असें असून बैलाच्या खुराकडे आपण ज्या काळजीनें पाहतों, तिच्या शतांशानेंहि या वाहनाच्या पोटांत काय चाललें आहे याची विचारपूस करीत नाहीं. या दुर्लक्षाचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत पैसा तर जातोच, पण प्रसंगीं जीवहि धोक्यांत येतो. त्याविषयींच आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या परिचयाचे एक शेतकरी लावणीच्या दिवसांत ठाण्यास भाजी पोंचवून परत येत होते. कशेळीच्या खाडीपुलावर त्यांची गाडी एकाएकी बंद पडली. पंधरा दिवसांपासून इंजिनांतून खडखड आवाज येत होता. परंतु लावणी आटोपल्यावर पाहूं, म्हणून त्यांनीं तिकडे कानाडोळा केला होता. पुलावर त्यांनीं दहा-बारा वेळां किक मारली. ती पोकळ जाऊं लागली. मिस्त्र्यानें हेड खोललें, तों दोन्ही झडपा वांकलेल्या! 'नव्या कशाला घेतां, ह्याच सरळ करून देतों,' असें म्हणून त्यानें त्या लेथवर धरून ठोकून सरळ केल्या. गाडी सुरू झाली, पैसे वांचले, मालक खूष झाले. पुढें तीन आठवड्यांतच एका झडपेचें डोकें तुटून सिलिंडरांत पडलें. पिस्टन फुटला, इंजिन जागच्या जागीं आवळलें आणि त्याबरोबर मागचें चाकहि. त्या वेळीं मागून कंटेनर येत नव्हता, एवढेंच दैव. वांचलेल्या पैशांच्या कित्येक पट खर्च मग करावा लागला.

हें असें कां झालें, तें समजण्यास इंजिनाची रचना थोडी जाणली पाहिजे. राजदूत, येझदी या जुन्या गाड्या टूस्ट्रोक जातीच्या. त्यांना अशा झडपाच नव्हत्या. १९८५ सालीं हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी आली व थोड्या पेट्रोलांत लांब जाणारें फोरस्ट्रोक इंजिन खेड्यापाड्यांत पोंचलें. अशा इंजिनाच्या हेडांत साधारणतः दोन झडपा असतात. एक हवा व पेट्रोल आंत घेणारी, दुसरी धूर बाहेर टाकणारी. छत्रीप्रमाणें प्रत्येकीला डोकें व दांडी असते. त्या उघडणारा कॅम वर हेडांत असतो आणि खालच्या क्रँकपासून त्याला फिरविणारी एक बारीक साखळी असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागें कॅमची एक फेरी होते. क्रँक मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटास ३,००० वेळां, म्हणजे सेकंदास ५० वेळां, उघडून मिटते.

उघडलेली झडप ज्या जागेंत उतरते, बहुधा त्याच जागेंत पिस्टन वर येतो. अरुंद बांधावरून दोन गाड्यांनीं पाळीपाळीनें जावें, तसा हा व्यवहार आहे. पाळी सांभाळण्याचें काम साखळीचें. ती झिजून सैल झाली, तिला ताण देणारा टेन्शनर निकामी झाला, कीं ती दांत्यावरून उडते. पाळी चुकते, पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो आणि झडपेची दांडी वांकते. भरधाव जातांना चुकून फार खालचा गिअर पडला, तरी इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर वाढून हाच अनर्थ घडूं शकतो.

आतां ओळखावें कसें? किक पोकळ जाणें व इंजिनांत दाब न धरणें ही पहिली खूण. पिस्टन दाबाच्या धावेच्या माथ्यावर आणला असतां वांकलेल्या झडपेचें टॅपेट प्रमाणाबाहेर सैल लागतें. कारण ती झडप आपल्या बैठकीवर पुरती मिटत नाहीं. मिस्त्र्याकडे हवेचा पंप असल्यास प्लगच्या छिद्रांतून हवा भरावी. फुसफुस कार्ब्युरेटरकडून आली तर आंत घेणारी झडप बिघडली. सायलेन्सरकडून आली तर धूर सोडणारी. आणि तेल भरण्याच्या तोंडाकडून आली तर दोष पिस्टनच्या रिंगांचा समजावा. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानांत ठेवावी: खडखडाट होऊन गाडी बंद पडली, कीं पुन्हां किक किंवा स्टार्टर मारूं नये. प्रत्येक किकेसरशीं वांकलेली झडप गाईडांत अधिक घांसते व पिस्टनवर नवी खूण उमटते.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणें आहे. हेड उतरल्यावर स्प्रिंग दाबून कॉटर काढावे व झडप सावकाश बाहेर घ्यावी. ती अडकली तर हातोडीनें ठोकून बाहेर काढूं नये. तसें केल्यानें गाईड फाटतें. झडपेची दांडी सपाट कांचेवर लोळवून पाहिली, कीं बारीकसा वांकहि डोळ्यांस दिसतो. मग नवी झडप गाईडांत घालून हालवून पाहावी. ती डुलत असेल तर गाईडहि बदललें पाहिजे. त्यासाठीं हेड तापवून जुनें गाईड काढणें, नवें बसविणें व रीमरनें छिद्र मापांत आणणें हें काम लेथवाल्याचें आहे. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं अशा कारागिरांची वाण नाहीं. त्यानंतर सीट कापून झडप ग्राइंडिंग पेस्टनें घांसावी, म्हणजे सभोंवार एकसारखा करडा पट्टा उमटतो. तो कोठेंहि तुटक असतां कामा नये. पेस्ट धुऊन पुरती काढावी. तिचा कण राहिला तर तो इंजिन खातो. शेवटीं झडपा व स्प्रिंगा बसवून हेडाच्या वाटांत रॉकेल किंवा पेट्रोल ओतावें व कांहीं मिनिटें थांबावें. खालीं थेंब पाझरला नाहीं तर काम साधलें.

वांकलेली झडप सरळ करून कां वापरूं नये, असें पुष्कळ जण विचारतात. खिळा एकदां वांकवून सरळ केला व पुन्हां वांकवला म्हणजे तो त्याच जागीं तुटतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. झडपेचें पोलादहि तसेंच. दांडी व डोकें यांच्या सांध्याशीं डोळ्यांस न दिसणारी चीर पडते. त्यावर सेकंदास पन्नास ठोके आणि धुराची भट्टीसारखी आंच! ती कधीं तुटेल, हाच काय तो प्रश्न उरतो.

परंतु नवी झडप घातली म्हणजे संपलें असेंहि नाहीं. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' अशी आपल्यांत म्हण आहे. झडप ही पखाल, रोग साखळीचा. जुनी साखळी तशीच ठेवून नव्या झडपा घालणें म्हणजे बांधाची खांड न बुजवितां खाचरांत पाणी भरणें होय. म्हणून साखळी, टेन्शनर, तिचे रबरी रूळ व हेडाचें गॅस्केट एकाच वेळीं बदलावें. झिजलेले दांते दिसल्यास दांतेचक्रहि घ्यावें. पिस्टनच्या माथ्यावरील खुणा खोल आहेत कीं वरवरच्या, हेंहि पाहून घ्यावें. सर्व जुळविल्यावर चाकावरील व कॅमवरील खुणा मिळवून क्रँक हातानें पुरते दोन फेरे फिरवावा. कोठेंहि अडखळलें नाहीं, तरच किक मारावी. हे दोन फेरे मिस्त्र्याकडून आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावे.

साखळीचें आयुष्य वाढविणें मात्र बरेंचसें मालकाच्या हातीं आहे. इंजिनांतील तेल वेळेवर बदलावें व आठवड्यास त्याची पातळी पाहावी. पोतीं लादून चिखलांतून चालणाऱ्या गाडीचें तेल तर छापील मुदतीच्या आधींच बदललेलें बरें. पहाटे इंजिन थंड असतांना सुरू करून मिनिटभर कान द्यावा. टॅपेटची टिकटिक बारीक व ठेक्यांत असते. साखळीची खडखड भरड व बेठेक असते. ती ऐकूं आली, कीं लावणी असो वा झोडणी, गाडी मिस्त्र्याकडे न्यावी.

बैल लंगडूं लागला तर पेरणी अडली असतांहि आपण त्याला औताला जुंपीत नाहीं. लोखंडाच्या जनावरालाहि तोच न्याय लावावा, एवढेंच आमचें आपल्या शेतकरी बंधूंना सांगणें आहे.